‘साहेब सुट्टीवर’ आणि आमची चीफमामी

चीफमामी भाजी आणायला निघाली की शेजारणीला सांगायची, "दवाखान्यात जाऊन येते." खरोखर दवाखान्यात निघाली तर म्हणायची, "दळण टाकून येते." एकदा आम्ही नाशकातच एका लग्नाला निघालो होतो. तिच्या अंगावर पैठणी, केसांत गजरा, आणि रिक्षावाल्याला सांगते, "गंगेवर दहाव्याला जायचंय, सावकाश चालव." बिचारा पूर्ण रस्ता आरशातून तिच्या गजऱ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "मामी, खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" तर म्हणाली, "खरं सांगितलं की पुढचे चार प्रश्न येतात. कुणाचं लग्न, मुलगी कुठली, तुमची कोण. दहावा म्हटलं की माणूस गप्प बसतो."

याला ती खोटं बोलणं मानत नसे. याला ती ‘कव्हर’ म्हणायची. हा शब्द आणि तिचं ‘चीफ’ हे नाव, दोन्ही आमच्या घरात आले ते ‘साहेब सुट्टीवर’ या मालिकेतून. वाचकांपैकी ज्यांचे केस माझ्याइतके पांढरे किंवा माझ्याइतके कमी झालेत, त्यांना ही मालिका आठवत असणार असं मी धरून चालतो. आठवत नसेल तर चूक तुमची आहे. पाटबंधारे खात्यातला एक कारकून खरं तर गुप्तहेर असतो आणि प्रत्येक कामगिरीसाठी त्याला आधी रजेचा अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो. देश वाचवून परत आला की हेडक्लार्क विचारणार, "मेडिकल सर्टिफिकेट कुठंय?" हसून हसून पोट दुखायचं. आणि मध्येच एका भागात त्याचा जोडीदार मारला गेला, कारकुनाला कचेरीत कुणाजवळ रडताही येईना, तेव्हा आमच्या गल्लीत त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

त्या हेरांची चीफ एक बाई होती. पापडाच्या दुकानात खुर्ची टाकून बसलेली. खुर्चीतून उठायची नाही, आवाज चढवायची नाही, पण भलेभले पुरुष तिच्यासमोर चपला काढून उभे राहायचे. मामीला ती बाई का आवडली हे मला फार उशिरा कळलं. मामा आदल्याच वर्षी गेले होते. दिराने, जावेने, माझ्या आईनेसुद्धा तिला सांगितलं होतं, "पंचवटीतल्या दोन खोल्या सोड, दिंडोरीला घरच्यांत येऊन राहा. एकटी बाई, पदरी वाढता मुलगा, वर हा भाचा शिकायला ठेवलेला." तो वर ठेवलेला भाचा म्हणजे मी. पेठ गावाहून आलेलो, खायला पुढे आणि गणितात मागे. मामीने सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी टीव्ही घेऊन आली. दिंडोरीला एवढंच कळवलं, की आता सामान वाढलं, हलणं जमणार नाही.

टीव्ही आला आणि आमच्या पुढच्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी अख्खी गल्ली मावू लागली. शिवणकाम करणारे मुनीरचाचा दाराशी, तिथून त्यांना दुकानावर लक्ष ठेवता यायचं. समोरची विमलताई कपाटाला टेकून, तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. मामी एकुलत्या एका खुर्चीत. मालिका चालू असताना बोललेलं तिला खपत नसे. मी एकदा शिंकलो तर म्हणाली, "पुढची शिंक बाहेर जाऊन द्यायची." एक दिवस चाचांनी पडद्यावरच्या बाईकडे आणि मग मामीकडे बघून म्हटलं, "भाभी, ये तो तुम्हीच आहात! सलाम, चीफ." ते नाव कायमचं चिकटलं. पुढे मालिका मध्येच बंद झाली, शेवट न दाखवता. का, ते कुणालाच कळलं नाही. गल्लीने आठवडाभर चरफड केली आणि विसरली. चीफ मात्र कामावर राहिली.

परवापरवापर्यंत. मामी ऐंशीच्या घरात गेली, सुभाषदादा, म्हणजे तिचा मुलगा, पुण्यात स्थिरावला, आणि तिच्या शेजारी नवीन कुटुंब राहायला आलं. त्या नव्या बाईंनी काळजीपोटी दादाला फोन केला. "तुमच्या आई रोज दवाखान्यात जाते सांगतात आणि कोथिंबीर घेऊन परत येतात." दादा दुसऱ्याच दिवशी नाशकात हजर. डॉक्टरांची वेळ घेतली, मामीला घेऊन गेला. मीही सोबत होतो.

डॉक्टर तरुण, गोड बोलणारा. "आजी, नाव काय तुमचं?"

"कुसुम," मालती नावाची माझी मामी म्हणाली.

"राहता कुठे?"

"लासलगावला."

"आज इथपर्यंत कशा आलात?"

"कांद्याच्या ट्रॅक्टरवर. मार्केटात उतरले, तिथून चालत."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर आल्यावर मी मामीला कोपऱ्यात घेतलं. ती शांतपणे पदर सारखा करत म्हणाली, "पहिल्या भेटीत नाव, गाव, रस्ता, सगळं विचारतो! ओळख ना पाळख. मी काय दूधखुळी आहे?"

दादाने निर्णय घेतला. खोल्यांना कुलूप, आईला पुण्याला न्यायचं, तेही महिनाअखेरीच्या आत. मामीने सांगून पाहिलं की हे सगळं ‘साहेब सुट्टीवर’मधलं आहे, जुनी सवय आहे. दादाने मोबाइल काढला आणि शोधलं. काही नाही. फोटो नाही, नटाचं नाव नाही, शीर्षकगीताची ओळ नाही. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, अशी मालिका नव्हतीच गं." त्या हळू आवाजाचा मामीला जितका राग आला, तितका तो ओरडला असता तरी आला नसता.

मी छाती पुढे काढून म्हणालो, "होती. मी पाहिलीय." आणि इथेच मामीचं प्रकरण बुडालं. कारण आमच्या खानदानात माझ्या साक्षीची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगितलेल्या गोष्टीत मांजराचा बिबट्या होतो, आणि तो बिबट्या पुढच्या लग्नकार्यापर्यंत दोन पिल्लं घालतो. दादा म्हणाला, "तू होती म्हणतोस ना? मग माझी खात्रीच पटली."

मामी खचली नाही. तिने फोन उचलला. रविवारी विमलताई लासलगावहून आली, कांद्याची पिशवी घेऊन, नातवाच्या गाडीतून. मुनीरचाचा इथेच द्वारका चौकाजवळ मुलाकडे राहतात, ते काठी टेकत आले. दादा खिडकीशी हाताची घडी घालून उभा. त्याने वकिलासारखं विचारलं, "त्या कारकुनाला मिशी होती?"

"होती, भरघोस," विमलताई म्हणाली.

"कुठली मिशी?" चाचा म्हणाले. "साफ चेहरा होता त्याचा. मी तर त्याच्यासारखी कॉलर शिवून दिली लोकांना."

"चाचा, तुम्ही कॉलरच बघत होतात, वर कुठे बघितलंत!"

"आणि चीफचं दुकान?" दादाने विचारलं.

"पापडाचं," विमलताई. "लोणच्याचं," चाचा. मी तोंड उघडणार तोच मामीने माझ्याकडे पाहिलं. मी ते मिटलं.

दादा सुस्कारा टाकून म्हणाला, "झालं समाधान? दोघांचंही जुळत नाही. आई, मीही याच घरात वाढलोय. तुम्ही सगळे इथे बसून मालिका बघत होतात, तर मला एक तरी सीन आठवायला नको?"

 मामीने खुर्चीतून न उठता, आवाज न चढवता विचारलं, "सुभाष, दर गुरुवारी तू कुठे असायचास?"

"म्हणजे?"

"तू गच्चीवर असायचास रे! अँटिना धरून! सोडली की चित्राला मुंग्या यायच्या. मी खालून ओरडायचे, ‘आलं, आलं, हलू नकोस!’"

दादाचा उजवा हात आपोआप खांद्याच्या वर गेला. बोटं मिटली. पन्नाशी उलटलेला, टाय लावून मीटिंग घेणारा माणूस, हवेत न दिसणारी नळी धरून उभा राहिला. चाचांनी मान खाली घालून डोळे पुसले. हसू होतं की काय, मी खात्रीने सांगणार नाही.

"पावसातसुद्धा," दादा पुटपुटला. "छत्री दुसऱ्या हातात. खालून तुमचं हसणं ऐकू यायचं."

"मग?" मामी म्हणाली. "नसलेल्या मालिकेसाठी भिजलास? आणि ऐकून ठेव. तेव्हा दिंडोरीला गेले नाही, आता पुण्याला येणार नाही. त्या डॉक्टरकडे परत ने. विचार म्हणावं काय ते, या वेळी खरं सांगते."

आणि सांगितलं. वार, महिना, नाव, पत्ता, उलटे आकडे, सगळं. शेवटी डॉक्टरलाच म्हणाली, "आता तुमचं गाव सांगा." दादा एकटाच पुण्याला परतला. जाताना त्या नव्या शेजारणीला त्याने सांगितलं, "आई दवाखान्यात गेली म्हणाली तर भाजीला गेली समजा. दळण टाकायला गेली म्हणाली तरच मला फोन करा."

मामी त्याच दोन खोल्यांत राहिली, गेल्या थंडीत गेली तीही तिथूनच, स्वतःच्या अंथरुणातून. दिवसकार्याच्या जेवणानंतर सगळे सतरंजीवर बसलेले असताना, कुणा तरुण पाहुण्याने मोबाइल बघत म्हटलं, की अशी मालिका कुठेच सापडत नाही, म्हाताऱ्या माणसांना भास होतात. मी बाह्या सरसावल्या. पण माझ्याआधी दादा बोलायला लागला. त्याने ‘साहेब सुट्टीवर’चा शेवटचा भाग सांगितला. कधीच न दाखवलेला, त्याने तर नाहीच पाहिलेला. कारकुनाची रजा नामंजूर होते, हेडक्लार्क दार अडवतो, आणि शेवटी चीफ स्वतः खुर्चीतून उठून कचेरीत येते. पोरं जवळ सरकली. त्या पाहुण्याने मोबाइल खाली ठेवला. दादा थांबून माझ्याकडे बघत म्हणाला, "हो की नाही रे?"

"अगदी असंच," मी म्हणालो. "फक्त तिच्या हातात छत्री होती, ती राहिली सांगायची."