संभाषणाची वही

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजले की मला अजूनही एका जागी बसवत नाही. पर्स उचलून निघायची ती वेळ. दीड वर्ष मी त्या वेळेला मारुंजीहून डोंगरावरच्या विद्यापीठात जात होते, परदेशातून शिकायला आलेल्या मुलामुलींकडून इंग्रजी बोलण्याचा सराव करून घ्यायला. फुकट. आता जात नाही. मला कुणी काढलेलं नाही, पण कुठल्या तोंडानं जाऊ?

तेहतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसून आमच्या ह्यांना सळो की पळो करून सोडलं, तेव्हा तेच म्हणाले, "जा की कुटंतरी शिकवायला. मी च्या पितो त्यातबी तुला चुका दिसाया लागल्यात." हे मूळचे जवळच्याच नांदे गावचे. वीज मंडळात सगळी नोकरी झाली, पण बोलणं गावचंच राहिलं. विद्यापीठाला स्वयंसेवक हवेच होते, मी गेले.

ग्रंथालयाशेजारच्या खोलीत आठ-नऊ जण गोल करून बसायचे. त्यातल्या केनियाच्या मुलाचं इंग्रजी माझ्यापेक्षा सरस होतं. तू येतोस कशाला रे, असं विचारलं तर म्हणाला, चहाबरोबर बिस्किटं मिळतात म्हणून. बाकीच्यांना मात्र खरंच गरज होती. मी त्यांच्याकडून खोटी खोटी संभाषणं करून घ्यायचे. कधी मी डॉक्टर व्हायचे, कधी दुकानदार, कधी घरमालकीण. घरमालकीण मी फार झोकात करायचे. काय काय रांधणार? कोण कोण येणार? घरी पूजा कुठल्या देवाची? मुलं हसून लोटपोट व्हायची.

त्यांना काय ठाऊक, ते प्रश्न मी डोक्यातून काढलेले नव्हते. लग्नानंतर पुण्यात खोली शोधताना आम्हालाच ते विचारले गेले होते. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की बोलणं संपायचं. एका बाईंनी तर खोली दाखवली, पाणी कधी येतं ते सांगितलं, आणि मग आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, "अहो, आमचा पुतण्या येतोय गावाहून. खोली त्याला लागणार." आम्ही तोंड वाकडं करून परत आलो. म्हणून मुलांना मी मोठ्या शहाणपणानं सांगायचे, नकार मिळाला तरी निघताना हसायचं आणि म्हणायचं, "थँक यू फॉर युअर टाइम." आपण चांगलं वागलो की पुढच्याला दार उघडं राहतं. काय पण अक्कल माझी.

आणि वही. ती माझीच कल्पना, आणि तिचा मला फार अभिमान होता. आठवड्यात एकदा बाहेरच्या माणसाशी खरं संभाषण करायचं आणि तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ते वहीत उतरवायचं. वर कुणाशी आणि कुठे, खाली कोण काय म्हणालं ते. वह्या मी घरी न्यायचे आणि लाल पेनानं दुरुस्त करून पुढच्या शनिवारी परत द्यायचे.

बाकीच्यांच्या वहीत रिक्षावाले असायचे, भाजीवाली असायची. चाड देशातून आलेल्या एका मुलीच्या वहीत फक्त घरमालक होते. ही मुलगी उंच, सावकाश बोलणारी. घरी अरबी, शाळेत फ्रेंच, इंग्रजी इथे येऊन शिकलेली. तोंड उघडण्याआधी सगळं वाक्य मनात जुळवून घ्यायची. संगणकाच्या अभ्यासाचं तिचं शेवटचं वर्ष होतं. राहत्या खोलीच्या मालकानं तिला दोन महिन्यांची मुदत देऊन जायला सांगितलं होतं, त्याला आता फक्त कंपनीत नोकरी करणारे हवे होते. म्हणून तिचं प्रत्येक पान तसंच: "घरमालक, हिंजवडी." "घरमालकीण, मारुंजी." एकानं फोनवर हो म्हटलं आणि दार उघडून हिला बघितल्यावर खोली गेली म्हणाला. एक म्हणाला, तुझ्याकडे माणसं येतील. ही म्हणाली, माझं इथे कुणी नाही. तो म्हणाला, येतील.

अशी सात पानं झाली, सातही नकारांची. आणि मी काय केलं? स्पेलिंग सुधारलं. शब्द पुढचे मागे केले. फोनवाल्याच्या पानाखाली लिहिलं, "संवाद अगदी नैसर्गिक. व्हेरी गुड." जन्मभर वह्या तपासल्या की माणसाला अक्षर दिसतं, मजकूर दिसत नाही.

सातव्या पानानंतर एकदा ती तास संपल्यावर थांबली. वही पुढे धरून म्हणाली, "मॅम, माझ्या इंग्रजीत नक्की काय चुकतं? मी सगळं तुम्ही सांगता तसंच बोलते. तरी ते नाही म्हणतात."

तिला वाटत होतं, दोष तिच्या वाक्यात आहे. मग तिनं बाकीचं सांगितलं. वसतिगृह भरलेलं. राहण्याचा पत्ता नसेल तर इथे राहायच्या परवान्याचे कागद पुढे सरकत नाहीत, आणि कागद नाहीत तर परत जायचं, शिक्षण अर्धं टाकून. हातात बारा दिवस होते.

आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आमचा दुसरा फ्लॅट कुलपात पडून होता. ह्यांची नांद्याची जमीन बिल्डरनं घेतली, तिच्या बदल्यात दोन मिळाले होते. दर गुरुवारी मी तिथे झाडू मारून यायचे, एवढाच त्याचा उपयोग. "माझ्याकडे घर आहे," मी म्हणाले. ह्यांना विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती बघायला आली. दाराबाहेर चप्पल काढून सगळ्या खोल्यांतून फिरली. स्वयंपाकघरातला नळ सोडला, बंद केला. खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, टेबल इथे ठेवीन. भिंतीला खिळा मारला तर चालेल का, हेही विचारलं. मग खाली आमच्याकडे पोहे खाल्ले. हे म्हणाले, "खा की पोरी, लाजतीस कशाला." तिला शब्द कळला नसेल, पण तिनं ताटली पुढे केली. शनिवारी सामान घेऊनच ये, किल्ली देते, असं मी तिला सांगितलं.

मंगळवारी सोसायटीचे अध्यक्ष आले. आयटीतला मुलगा, सोलापूरकडचा, वागायला खरंच चांगला. चहा घेतला आणि म्हणाला, "काकू, माझं स्वतःचं काही नाही. पण ग्रुपवर दोन दिवस हाच विषय चाललाय. लिफ्टमध्ये लहान मुलं घाबरतील म्हणतात."

"लहान मुलं कशाला घाबरतात? मोठ्यांनी घाबरवलं तर घाबरतात," मी म्हणाले.

"ते बरोबरच आहे. पण तुम्ही इथल्या जुन्या. तुम्हाला सगळे मानतात. ते तसंच राहावं, एवढंच." कप खाली ठेवून तो गेला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही.

दार लावून हे म्हणाले, "दिऊ नगंस."

"तुम्ही म्हणताय हे? तुम्ही?"

"व्हय, मीच म्हंतोय. हितं आपल्याला कुनी आडनाव इचारत न्हाई. धा वर्सं झाली. तेवढं ऱ्हाऊ दे."

मी फटकळ म्हणून घरादारात प्रसिद्ध. उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं. त्या दिवशी अध्यक्षांचा कप उचलून विसळायला गेले. राग आला, पण तो ह्यांचा नव्हता. ते माझ्याच मनातलं बोलले होते. मलाही ते वाचवायचं होतं, जिन्यात भेटल्यावर "काय काकू, बरं आहे ना" म्हणणारे शेजारी, सणावारी घरी येणारी ताटं. मंगळवार ते शनिवार मी स्वतःला समजावत होते की तिला दुसरं कुणीतरी देईल. कोण देणार होतं? सात पानं माझ्याच घरात तपासली गेली होती.

शनिवारी ती दोन बॅगा घेऊन तासाला आली. खोलीत भिंतीशी नीट लावून ठेवल्या. मी तिला बाजूला घेतलं. काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते, नव्हतं. तोंड उघडलं आणि स्वच्छ इंग्रजीत वाक्य बाहेर पडलं: आमचा पुतण्या येतोय गावाहून. घर त्याला लागणार.

आम्हाला पुतण्याच नाही.

तिनं नेहमीसारखं आधी वाक्य मनात जुळवलं. मग म्हणाली, "बरं झालं, मॅम. तुम्हाला घरचं माणूस जवळ मिळेल." आणि हसली. "थँक यू फॉर युअर टाइम."

तोंड जराही वाकडं केलं नाही. मी शिकवलेलं एकूण एक तिनं पाळलं. पूर्ण तास बसली, शेवटची पंधरा मिनिटं मान खाली घालून लिहीत होती, आणि वही गठ्ठ्यावर ठेवून दोन्ही बॅगा उचलून गेली. मी तिच्या मागे गेले नाही. बाकीच्यांना चहा दिला.

तो गठ्ठा घरी आणला, पण आठवडाभर उघडला नाही. पुढच्या शनिवारी तिची खुर्ची रिकामी होती. केनियाचा मुलगा म्हणाला, मैत्रिणीच्या खोलीत चार दिवस जमिनीवर झोपली, मग घरी परत गेली, आता येणार नाही. त्यानं बिस्किटाला हात लावला नाही.

घरी येऊन मी तिची वही काढली. लाल पेन हातात घेतलं, सवयच ती. आठव्या पानावर आमचं दोघींचं बोलणं होतं. पुतण्या होता, गाव होतं, तिचं हसून निरोप घेणंही होतं. पान दोनदा वाचलं. दुरुस्त करायला काही नव्हतं.

मग वरची ओळ बघितली. कुणाशी आणि कुठे, ती. तिथे माझं नाव असेल असं मला वाटलं होतं, निदान "माझ्या शिक्षिका" एवढं तरी. तिथे तिच्या सावकाश, गोल अक्षरात लिहिलं होतं: "घरमालकीण, मारुंजी."