ताईला सोडून सगळ्यांना

माझे भावोजी दवाखान्याच्या तपासणी विभागात लोकांचं रक्त काढतात. उभा जन्म त्यातच गेला. दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची आणि सुई टोचता टोचता म्हणायचं, "काही नाही, झालंच." हे त्यांचं पालुपद. पेशंटपुरतं असतं तर ठीक होतं. पण गळका नळ आवळताना, अडकलेला ड्रॉवर ओढताना, एवढंच काय, शेजारच्या मांजराला खिडकीतून हाकलतानाही तेच. माझी बहीण, म्हणजे आमची ताई, ते ऐकून ऐकून विटली होती.

अशात विद्यापीठातली एक मुलगी भावोजींच्या मागे लागली. ती पालुपदांवर संशोधन करत होती. माणसं तेच ते वाक्य कोणाला, कधी आणि कशासाठी म्हणतात, हा तिचा विषय. लोकांना खरंच काही उद्योग नसतात, असं मी तिच्या तोंडावर म्हणालो. ती हसली आणि भावोजींच्या कॉलरला बोटाएवढा रेकॉर्डर अडकवून गेली. एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात, घरी आणि कामावर, भावोजी तो लावून हिंडले. मिरवायची हौस दांडगी.

या दोन खेपांच्या मधे ताईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. गाठ कसली, ते त्यानंतरच कळेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

काय सापडलं ते दाखवायला ती घरी आली आणि लॅपटॉपवर रंगीबेरंगी आलेख उघडून बसली. भावोजी शाळेत बक्षीस मिळणार असल्यासारखे सरसावून बसले. हे वाक्य बहुतेक वेळा समोरच्याला धीर द्यायला येतं, कधी नुसतीच सवय म्हणून येतं, असं ती समजावत होती. मग म्हणाली, "एक गंमत सांगू? हिवाळ्यात काका हे काकूंना दिवसभर म्हणायचे. उन्हाळ्यात सगळ्यांना म्हणतात, मांजरालासुद्धा. काकूंना मात्र एकदाही नाही."

ताईने हातातला कप खाली ठेवला. भावोजींनी लॅपटॉपवरून नजर काढली. आपलं काय चुकलं ते त्या पोरीला कळेना, आणि तिने आवरतं घेतलं.

ती गेल्यावर ताईने सरळ विचारलं, डॉक्टर तुम्हाला बाजूला घेऊन काही बोललेत का? भावोजींनी शपथेवर सांगितलं, काही नाही. मग मलाच का म्हणत नाही? ते भावोजींना स्वतःलाच माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले. मी काय कपाळ सांगणार? आता म्हणावं तर मुद्दाम म्हटल्यासारखं होणार, न म्हणावं तर ताईच्या मनातली शंका पक्की होणार. मला त्या पोरीचा राग येत होता आणि तिचा दोष काय, तेही सांगता येत नव्हतं. पुढे पुढे तर भावोजी कामावरही अडखळायला लागले. हातात सुई, तोंड अर्धवट उघडं, आणि पेशंट बिचारा वाट बघतोय.

ऑपरेशनआधी ताईचं रक्त तपासायचं होतं, म्हणून मी तिला घेऊन गेलो. भावोजींचा सहकारी पुढे झाला, पण ताईने त्याला हाताने थांबवलं आणि भावोजींच्याच समोर जाऊन बसली. बाही वर केली. भावोजींनी पट्टा बांधला, शीर चाचपली आणि ते थांबले.

"म्हणा की," ताई म्हणाली.

"नाही येत गं. मला भीती वाटते."

बाकावरच्या लोकांनी माना वर केल्या. आता ही रडणार, असं मला वाटलं. ती मात्र खुर्चीत सैल होऊन टेकली. इतक्या दिवसांत तिला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मग तसं सांगायचं ना. मला वाटत होतं, मी एकटीच घाबरलेय."

भावोजींनी सुई टोचली. शीर चुकली. ताईने दुसरा हात पुढे केला.