बाबांचे कलदार बोलेनात

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतोय आणि, खरं सांगतो, बहुतेक वेळा हसतोय. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या मागे पावलं वाजतात... माझं रायपूरला गुढियारीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप, पंखे, कूलर घेऊन लोक येतात. या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो — फॉल्ट असतो, आणि शोधला की सापडतो. न सापडणारा फॉल्ट म्हणजे शोधणाऱ्याचा आळस. भुताखेतांबद्दलही माझं हेच मत होतं.

हा एक फॉल्ट मात्र मला सापडला, नेमका कुठे आहे तेही कळलं, आणि तरी तो काय आहे हे आजतागायत समजलेलं नाही.

गोष्ट आमचं छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली त्या सुमाराची. मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, भोपाळहून बदली होऊन नव्या सचिवालयात आले. नलूताई माहेरच्या गावात परत आली म्हणून मी खूश होतो. पण राजधानी झाल्या झाल्या जागांचे भाव असे काही पेटले की सकाळी एक ऐकावा आणि संध्याकाळी दुसरा. ताई-भाऊजींनी तेलीबांध्याकडे एक फ्लॅट पाहून ठेवला होता. बुकिंगला पैसे कमी पडत होते.

तेव्हा बाबांच्या कलदारांचा विषय निघाला. कलदार म्हणजे राणीछाप, राजाछाप जुने चांदीचे रुपये. बाबा रेल्वेत होते. ड्युटीवर जिथे जात तिथल्या बाजारात असे रुपये शोधत, पसंत पडला की घेत. पापडाच्या जुन्या डब्यात ते ठेवलेले, त्यामुळे आमच्या इस्टेटीला कायम हिंगाचा वास. बाबा गेल्यावर डबा माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या जानव्याला. ताई म्हणाली, "विनू, विकून टाकू. अर्धे तुले, अर्धे मले." मी लगेच हो म्हटलं. त्यात वादाचं काही नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

आम्ही तिघं सदर बाजारात एका जुन्या सराफाकडे गेलो. शेठ चांगले होते, चहा मागवला. पहिला रुपया उचलून त्यांनी बोटाच्या टोकावर तोलला, अंगठ्याच्या नखानं टिचकी मारली आणि कानाशी नेला. चांदी ओळखायची ही जुनी रीत. अस्सल कलदार टिचकी मारली की बराच वेळ गुणगुणतो.

शेठ थांबले. परत टिचकी मारली. मग रुपया संगमरवरी फरशीवर टाकला. कॅरमची सोंगटी पडावी तसा ठप्प आवाज आला.

"भैया, ये तो बोल नहीं रहा."

दुसरा, तिसरा, चौथा... सगळे ठप्प. त्यांनी कड घासून तेजाब लावून पाहिलं, चांदीचा रंग आला. वजन केलं, बरोबर भरलं. तरी मान हलवत त्यांनी डबा आमच्याकडे सरकवला. "ऊपर चांदी है, अंदर का भगवान जाने. साँचे में ढला हुआ माल ऐसे ही गूंगा रहता है. बुरा मत मानना दीदी, घर में किसी ने बदल तो नहीं दिया?"

शेठनी ताईला विचारलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला, कसलंही पाप नसताना, कानापर्यंत ऊब चढल्याचं जाणवलं. बाहेर आल्यावर भाऊजी रस्त्याकडे बघत एवढंच म्हणाले, "आपलंच नाणं खोटं असलं तं सराफाले काय दोष द्यावा."

घरी आलो ते फणफणत. बायकोनं, सुनंदानं, विचारलं काय झालं. मी डबा उघडून एक रुपया रागानं जमिनीवर आपटला.

असा खणखणला की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

दुसरा टाकला, वाजला. स्वयंपाकाच्या ओट्यावर, मोरीत, पाट्यावर, घरात कुठेही टाका — वाजत होते. मला आधी शेठचाच संशय आला. भाव पाडायला सराफ काय काय करतात! फरशीखाली कापड लावलं असेल, नाण्याची कड बोटानं दाबून धरली असेल... मी आनंदानं ताई-भाऊजींना दुसऱ्याच दिवशी बोलावलं. त्यांच्या समोर रुपये वाजवून दाखवले. ताईचा चेहरा उजळला.

भाऊजी मात्र सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "वाजतीनच ना, विनायकराव. आता खरे ठेवले असतीन."

नाही वाजले तर मी बदलले. वाजले तर भिऊन परत ठेवले. दोन्हीकडून चोर मीच. मी म्हटलं, "तुम्हीच न्या डबा. मी हातबी लावत नाही. आत्ताच्या आत्ता चला, दुसऱ्या दुकानात."

गेलो. डबा ताईच्या मांडीवर, ती भाऊजींच्या स्कूटरवर, मी मागे माझ्या लुनावर. दुकान दुसरं, सराफ दुसरा, त्याला आदल्या दिवसाचं काही माहीत नाही. त्यानं टिचकी मारली, कानाशी नेला आणि आमच्याकडे असं पाहिलं की आता पोलिसाला बोलावतो की काय. ठप्प. सगळेच्या सगळे.

मला वाटलं, सुटलो! डबा तर यांच्याच ताब्यात होता. पण संशयाला सुईएवढी फट पुरते. भाऊजी म्हणाले, "डबा फडक्यात बांधाले तुमची बायको आत घेऊन गेली होती."

आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी माझ्याही मनात आलं की हे मधे पानठेल्यावर थांबले होते, ते काहून? तिथे डबा कोणाच्या हातात होता? एका दिवसात आम्ही दोघं एकमेकांचे चोर झालो. ताई दोघांच्या मधे उभी. मी तिला म्हटलं, "ताई, तू तं बोल. तुले माह्यावर विश्वास आहे का नाही?"

ती पदराशी चाळा करत होती. "मले काही समजूनच नाही राहिलं रे," म्हणाली.

बस. भाऊजींचं बोलणं मी पचवलं असतं, ते परक्या घरचे. पण ताईनं मला हाताला धरून शाळेत नेलेलं. ती "हो" म्हणाली नाही, हे मला इतकं लागलं की मी तिथेच डबा उघडून अर्धे रुपये तिच्या पिशवीत ओतले आणि निघून आलो. त्यांच्या वाट्याचे पुढे विकले म्हणे. कुठे, काय भावानं, मला कोणी सांगितलं नाही. फ्लॅट झाला. वास्तूला मी गेलो नाही. राखी पोस्टानं यायला लागली. भाऊबीज बंद.

मग काही वर्षांनी एका ऑक्टोबरात दुकानात काम कमी होतं आणि डोक्यात तोच किडा. म्हटलं, फॉल्ट आहे ना, मग शोधू. वायर मधेच तुटली असेल तर आम्ही टेस्टर घेऊन एका टोकापासून तपासत जातो. तसंच केलं. माझ्या वाट्यातला एक रुपया खिशात टाकून सदर बाजारापर्यंत गेलो आणि परत येताना थांबत थांबत टिचकी मारत आलो. बाजारात मुका. स्टेशनजवळ मुका. रेल्वेच्या पुलाखाली मुका. आमच्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, तोंडाशी किराणावाला मला बघून म्हणाला, "का होगे भैया, सिक्का खोटा हे का?" मी म्हटलं, "हव, तसंच समज."

फाटकात मुका. पायरीवर मुका. उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं, टिचकी मारली — आणि तो गायला लागला. मागे सरकलो, गप्प. पुढे झालो, परत सुरू. बाबांनी रेल्वेच्या पगारातून बांधलेलं हे दोन खोल्यांचं घर, आणि त्याच्या चौकटीत बरोबर फॉल्ट. सुनंदा दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "पुरे करा आता. मले भेव लागून राहिलं."

मला भीती नाही वाटली. राग आला. लोक म्हणतील, बाबांना विकायचे नव्हते. ठीक आहे. पण मग मला चोर कशाला ठरवलं? तोंडानं कधी "विकू नका" म्हटलं असतं तर कोण विकणार होतं! एका ओळखीच्या कॉलेजच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, नाण्याला चीर असेल तर ते कुठेही वाजणार नाही, नसेल तर कुठेही वाजेल. तेवढं तर मलाही येतं.

त्याच दिवाळीत ताईचा निरोप आला. निरोप कसला, हुकूमच. "भाऊबीजेले ये. दोघंबी या. भाऊ नाही आला तं मी ओवाळू कोणाले, चंद्राले?"

भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. जिवंत भाऊ गावात असताना तिनं तेच इतकी वर्षं केलं होतं, हे मला तेव्हा समजलं. मी गेलो.

ओवाळणीला नोटांचं पाकीट घेतलं होतं. पण निघताना काय वाटलं कोण जाणे, डब्यातला एक कलदारही घेतला. बाबांचं काही तिच्याकडे राहिलं नव्हतं. तो वाजणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. ठरवलं होतं, पाकिटाखाली अलगद सरकवायचा, कोणाला कळायचं कारण नाही.

तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये पाटावर बसलो. भाऊजी दाराशी हाताची घडी घालून उभे. केस पिकले होते त्यांचे. ताईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मी पाकीट ठेवलं, त्याखाली रुपया सरकवायला गेलो आणि तुपकट बोटांतून तो निसटला. स्टीलच्या ताटात, निरांजनाच्या शेजारी, वरून पडला.

काहीच आवाज नाही. ठप्पसुद्धा नाही. कापसावर पडावा तसा. खोलीतले सगळे ताटाकडे बघत राहिले. मी भाऊजींकडे पाहायचं टाळलं. मनात म्हटलं, झालं, आज पुन्हा चोर.

ताई ताट हातात धरून उभी होती. तिचे डोळे मिटलेले. मग हसली आणि म्हणाली, "वाजला."

भाऊजी म्हणाले, "मले तं नाही आला ऐकू."

"तुमचे कान गेले आता. मले आला. बाबांचाच रुपया आहे तो." आणि तिनं माझ्या तोंडात अख्खा अनारसा कोंबला, म्हणजे मी काही बोलू नये.

परत येताना सुनंदाला विचारलं, तू ऐकलास का? ती म्हणाली, माझं लक्ष निरांजनाकडे होतं, ते विझतं की काय म्हणून. म्हणजे साक्षीदार नाही. मी संशयी माणूस आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. ताईला खरंच ऐकू आलं, की ती माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलली? विचारलं तर ती सांगेल. मी विचारलेलं नाही.

रुपये घरात का वाजतात आणि उंबऱ्याबाहेर का नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. कोणाजवळ असेल तर जरूर कळवा, पण "पितृदोष" वगैरे लिहू नका, ते ऐकून झालं. भाऊबीज मात्र तेव्हापासून चुकलेली नाही. दरवर्षी डब्यातला एक कलदार ताईच्या ताटात जातो. मला काही ऐकू येत नाही. ती डोळे मिटते आणि म्हणते, वाजला. हल्ली मी तो थोडा उंचावरून सोडतो.