आमरसात बुडालेला मोबाईल

कप खाली ठेवा आधी. मागच्या वेळी हे ऐकताना एकाला असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती, ते आता ऐकाच!

मोबाईल नवेनवे निघाले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या पुसेगावकडच्या वस्तीवर एकाकडंबी नव्हता. अधिक महिना लागलेला, म्हणून लेक सुमन अन् जावई धोंड्याच्या जेवणाला आलेले. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा! त्यात जावई रुसला तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. माझा जीव नुसता टांगणीला.

जावई आंघोळीला गेले. खाटेवर त्यांची पिशवी, अन् पिशवीतून मोबाईल डोकावून राहिला. म्हणलं, नुसता हातात धरून पाहू. धरला. तेवढ्यात बायको आतून ओरडली, "अवो, रस झाकला का?"

मी दचकलो. रसाचं पातेलं माझ्या पायाशीच होतं. मोबाईल सुळकन आत!

कोपरापर्यंत हात घालून काढला. सगळा चिकट. मग काय केलं असंल मी? हौदावर नेऊन घसाघसा धुतला. व्हय, धुतला! बैल धुवायची सवय ना. त्याची बत्ती विझली तेव्हा कुठं माझी पेटली.

पण वाळवण्यात आमचा हात कोण धरणार? खळ्यावर उकडलेली हळद वाळत पडली होती. मोबाईलचे तीन तुकडे केले, हळदीत मांडले अन् वरून फडकं टाकलं.

घरी आलो तर जावई पिशवी उचकत होते.

"काय शोधून राहिले, पाव्हणं?"

"काही न्हाई, मामा." तोंड मात्र एवढंसं.

बायकोनं मला चुलीपाशी ओढलं. "जावईबापू गप काहून झाले? तुमी काही बोल्ले का?"

"मी? न्हाई बा!"

"मंग वाण कमी पडलं."

चांदीचं निरंजन होतं, तेहतीस अनारसे होते, वर शर्टपीस ठेवला. जावयानं रस तीन वाट्या ओढला, पण नजर सारखी पिशवीकडं. शेवटी म्हणलं, होऊन जाऊ द्या! दावणीचा पांढरा बोकड सोडला अन् दावं त्यांच्या हातात दिलं. लेकरावानी वाढवला होता हो मी त्याला!

"मामा, बोकड कशाला?"

"असू द्या, असू द्या," मी म्हणलं. डोळ्यात पाणी होतं.

चार वाजता खळ्यावर गेलो. मोबाईल पिवळाधमक झालेला. तुकडे जोडले, बटन दाबलं अन् काय सांगू, बत्ती लागली! आता गुपचूप पिशवीत ठेवायचा, म्हणून वळतो तर समोर जावई, सुमन अन् बायको. मी झटकन मोबाईल हळदीत खुपसला.

"इथं उघड्यावर रेंज बराबर येईल," जावई बोलले अन् खिशातून मोबाईल काढला.

खिशातून? मग हळदीतला कोणाचा?

त्यांनी बटनं दाबली. माझ्या पायाखालून टुणटुण सुरू!

"अगं माय, हळद वाजून राहिली!" बायको किंचाळली.

सुमननं हात घालून मोबाईल बाहेर काढला. जावई हसू लागले. "मामा, हा तुमचाच हाय. तुमच्यासाठी घेतला होता. जेवणानंतर द्यावा म्हणलं, तर पिशवीतून गायब!"

म्हणजे बघा, माझाच मोबाईल मीच बुडवला, मीच धुतला अन् मीच लपवला! लाजंनं मान वर होईना. तरी जाताजाता हळूच विचारलं, "मग बोकड...?"

"दिलेलं वाण परत घेतेत व्हय?" बायको कडाडली.

बोकड गेला. मोबाईल राहिला. त्यावरून लावायचा तरी कोणाला? ओळखीत मोबाईलवाला एकच, जावई. रोज संध्याकाळी खळ्यावर जाऊन लावायचो.

आठव्या दिवशी सुमननं उचलला.

"बोकड कसाय गं?" मी विचारलं.

"मजेत हाय," ती म्हणली. "अन् बाबा, सवड झाली तर कधी माझी बी खुशाली विचारत जा!"