सत्तरच्या पुढचं ‘नाही’

फोनवरचे शेतकरी वणीकडचे होते. “मॅडम, तुमचा मेसेज आलाय. फवारणी घ्यायची म्हणता, पण कंचं औषध ते लिहिलंच नाय.”

मी म्हटलं, “काका, फवारणी घ्यायची नाहीये. तेच तर लिहिलंय.”

“आवो, मला तर घ्यायची असंच दिसतंय. वाचू का?” आणि त्यांनी वाचलं. “दोन दिवस ढगाळ हवामान. पाऊस नाही. काढणीला आलेल्या बागांना फवारणीची गरज.”

“पुढे?”

“पुढं काय नाय. संपला.”

टेबलावर टेस्टिंगचा मोबाइल होता. तासाभरापूर्वी मेसेज त्याच्यावरही आला होता. तो वाजला हे मी ऐकलं होतं, उघडून शेवटपर्यंत वाचला नव्हता. आता वाचला. ‘फवारणीची गरज’ इथेच थांबला होता. ‘नाही’ गेलं होतं.

ही दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. नाशिकच्या एका छोट्या कंपनीत मी सॉफ्टवेअर सांभाळायचे. आम्ही द्राक्ष बागायतदारांना रोज सकाळी एसएमएसवर सल्ला पाठवायचो. सल्ला लिहायचे बोरस्ते सर, कृषी खात्यातून रिटायर झालेले. ते कागदावर पेन्सिलने लिहून आणत, मी टाइप करून पाठवत असे. आधी आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो, ‘favarni karu naka’ अशा थाटात. लोक वैतागायचे. म्हणून त्याच आठवड्यात देवनागरी सुरू केलं होतं.

आमचे बॉस जोशी साहेब केबिनमधून बाहेर आले. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी दोनदा वाचलं.

“किती जणांना गेलाय?”

“सगळ्यांना.”

“आधी दुरुस्तीचा मेसेज पाठव. कारण नंतर शोधू.”

मी पाठवला. ‘फवारणी करू नका. आधीचा मेसेज अर्धवट होता.’ पण माणूस एकदा ट्रॅक्टरवर बसला की खिशातला मोबाइल कुठला बघतोय? म्हणून ज्यांची काढणी आठवड्याच्या आत होती त्यांची नावं वेगळी काढली आणि साहेब, सर नि मी असे तिघं मिळून फोन करत सुटलो.

घाई कशाची, ते सांगते. एक्स्पोर्टच्या द्राक्षांवर औषधाचा अंश राहिलेला चालत नाही. औषध मारल्यावर ठरावीक दिवस थांबूनच माल काढायचा असतो. आभाळ भरून आलं की रोगाच्या भीतीने शेतकऱ्याचा हात आपोआप औषधाकडे जातो. तो जाऊ नये म्हणूनच सरांनी तो सल्ला लिहिला होता.

बहुतेकांनी अजून काही केलं नव्हतं. कुणी हसलं, कुणी झापलं. ओझरजवळच्या सुमनताईंना फोन लागला तेव्हा मागे ब्लोअरचा आवाज येत होता. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणीचं यंत्र.

“ताई, आधी तो बंद करायला सांगा,” मी म्हटलं.

आवाज थांबला. मी सगळं सांगितलं.

“अर्धा प्लॉट झाला मॅडम,” त्या म्हणाल्या. “परवा एक्स्पोर्टचा माल न्यायला गाडी लागणार होती.”

फोन ठेवल्यावर मी हे बोरस्ते सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दुपारी आम्ही कारण शोधायला बसलो. देवनागरी मेसेजला सत्तरची मर्यादा आहे, हे मला माहीत होतं. इंग्रजीत एकशे साठ चालायचे. मोबाइल कंपनीकडे आमचे मेसेज पोचवणारी जी मधली कंपनी होती, ती सत्तरच्या पुढचं सरळ कापून टाकायची. सरांना मी सांगितलं होतं, “सर, सत्तर अक्षरांच्या आत बसवा.”

“मी मोजलं होतं,” सर म्हणाले. त्यांनी कागद काढला. प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीचा ठिपका होता. “सदतीस अक्षरं. मधल्या मोकळ्या जागा अकरा, पूर्णविराम तीन. एक्कावन्न झाले. मोजून बघ.”

मी मोजलं. एक्कावन्नच होते. मग तोच मजकूर कॉम्प्युटरमध्ये मोजला. पंचाहत्तर.

सरांनी ‘आलेल्या’ या शब्दावर बोट ठेवलं. “हे किती?”

“तुमच्या हिशेबाने तीन. आ, ले, ल्या. कॉम्प्युटरला सात. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. ‘ल्या’मध्ये ल, हलन्त, य आणि काना असे चार.”

“मग मला अक्षरं का सांगितलीस?”

इंग्रजीत ‘कॅरेक्टर’ म्हणतात, त्याचं मी मनातल्या मनात ‘अक्षर’ केलं होतं. शिवाय टाइप करताना खाली आकडा दिसायचा. त्या सकाळीही ‘७५’ दिसला असणार. पण समोर जुनीच ‘१६०’ची मर्यादा होती, ती बदलायची मी विसरले होते. आकडा हिरवा होता म्हणून मी बटण दाबलं.

जोशी साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “चूक मधल्या कंपनीची आहे असं पत्र काढूया. न विचारता कापतात म्हणजे काय?”

“कापतात हे आपल्याला माहीत होतं,” बोरस्ते सर म्हणाले. “सुमनताईंकडे मी जातो.”

“मीही येते,” मी म्हटलं.

ताईंनी चहा दिला. सरांनी कागद दाखवून काय झालं ते समजावलं. मी म्हटलं, चूक माझी आहे. त्यांनी कागद नीट पाहिला आणि म्हणाल्या, “तुमचे ठिपके बरोबर आहेत सर. पण माझा अर्धा माल आता कमी भावात लोकल मार्केटला जाईल.” तसाच गेला. उरलेल्या अर्ध्या प्लॉटचा माल तपासणीत पास होऊन एक्स्पोर्टला गेला.

दुसऱ्या दिवशी मी मर्यादा सत्तर केली. त्यापुढे टाइपच होणार नाही अशी सोय केली. सरांनी लिहिण्याची पद्धत बदलली. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि कापलं जातं ते शेवटूनच. म्हणून ते पहिलाच शब्द ‘नको’ लिहू लागले. ‘नको फवारणी. दोन दिवस ढगाळ, पाऊस नाही.’ वाचायला विचित्र वाटायचं. कुणी तक्रार केली नाही.

सुमनताईंनी आमची सेवा बंद केली नाही. मात्र पुढची दोन वर्षं मेसेज मिळाला की त्या सरांना फोन करून विचारायच्या, “एवढाच आहे ना?” सर त्यांना अख्खा मेसेज वाचून दाखवायचे.

मी एवढंच शिकले की कुणाला काही मोजायला सांगताना काय मोजायचं तेही सांगावं लागतं.