न निघणारी जेली

तिसरा शाम्पू झाला तरी केतकीच्या केसांवरून पाणी ओघळून जात होतं, रेनकोटवरून जावं तसं. संध्याकाळी तिचं लग्न होतं. मुलुंडच्या आमच्या सलूनमध्ये ती बेसिनमध्ये मान टाकून रडत होती, आणि तिची आई आमच्या मालकीण मॅडमना सगळ्यांसमोर झापत होती.

घोळ आदल्या दिवशीचा. संगीतसाठी केतकीला वेट लुक हवा होता, म्हणजे केस नुकतेच ओले करून मागे चापून बसवल्यासारखे. आमची ज्युनिअर प्रतीक्षा घाटकोपरच्या हॉलवर गेली. तिथे गेल्यावर कळलं की किटमधली जेलची बाटली रिकामी आहे. तिने मॅडमना फोन केला. मी सलूनमध्ये मॅडमच्या शेजारच्याच खुर्चीवर एकीचा ब्लो-ड्राय करत होते.

"अगं, किटमध्ये पेट्रोलियम जेली आहे ना? तीच लाव. चमक सेम येते," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ती निघत नाही हो," मी म्हटलं. त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

चमक सेम येते हे खरं. पण हेअर जेल पाण्यात बनतं आणि पाण्याने जातं. पेट्रोलियम जेली निघते कच्च्या तेलातून, माहुलच्या रिफायनरीत येतं त्याच तेलातून. शुद्ध केली की अंगाला चालते, पण पाण्याशी तिचं जन्मात जमत नाही. आम्ही ती ठेवतो हेअर कलरसाठी. कपाळाच्या कडेने लावली की कातडीवर डाग पडत नाही. दुभंगलेल्या टोकांना नखावर मावेल इतकी चालते. प्रतीक्षाने डबी संपवली होती.

"ड्राय करून गरम आयर्न मारू, सरळ होतील," मॅडम आता बेसिनपाशी येऊन म्हणाल्या.

"अजिबात नाही," मी म्हटलं. " जेली तापून टाळूवर उतरली तर चटका बसेल. आज लग्न आहे तिचं."

मग मीच पुढे झाले. पाणी बंद केलं, केस टॉवेलने टिपले. जड तेल सोडवायला पातळ तेलच लागतं. बेबी ऑइल मुळापासून टोकापर्यंत चोळलं. प्रतीक्षा बारीक कंगव्याने एकेक बट ओढत होती, टिश्यूने पुसत होती. एकही केस तिने तोडला नाही. नंतर पाणी न घालताच शाम्पू चोळला. शाम्पूच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. आधीच पाणी ओतलं की तो पातळ होतो आणि तेलावरची पकड जाते. हे सगळं पुन्हा एकदा केलं, तेव्हा कुठे केस बोटांतून सुटे झाले. अंबाडा झकास बसला.

केतकी आरशात बघून हसली. मॅडमनी लगेच तिच्या आईचा हात धरला. "सॉरी हं ताई. नवीन मुलगी आहे, न विचारता काहीतरी लावून बसली. आजच काढून टाकते तिला."

प्रतीक्षाने हातातला कंगवा ट्रॉलीवर ठेवला.

"मॅडम, तिने तुम्हाला फोन केला होता. मी तिथेच होते," मी म्हणाले.

केतकीच्या आईने पर्स उचलली. "ते तुमचं आपसातलं. आम्हाला उशीर होतोय."

प्रतीक्षा संध्याकाळी मानखुर्दला घरी गेली ती परत आली नाही. आठवड्याने सलूनला ऑनलाइन पूर्ण स्टार मिळाले: "मॅडमच्या प्रसंगावधानामुळे माझं लग्न वाचलं." मॅडमनी ते प्रिंट करून काउंटरवर लावलं. मला विचारलं, "छान दिसतंय ना?" मी त्याच महिन्यात तिथलं काम सोडलं.

आता अंधेरीत नवीन मुलींना शिकवते. जेली तेलाने काढायची, हे त्यांना एका दुपारीत येतं. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घेते: मालकीणबाई फोनवर काही सांगतील, तर म्हणायचं, "मॅडम, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना."