उरला तो फ्राय

आमच्या समोरच्या दारातले आचारीभाऊजी. त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आवरत नसे. उभा जन्म हॉटेलात कढईपुढे गेलेला. वेटर ओरडून ऑर्डर सांगत, हे त्याहून मोठ्यानं ती परत सांगत. मग झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि एकच शब्द उरला: फ्राय.

पाणी हवं, फ्राय. पाठ खाजतेय, फ्राय. पंखा बंद करा, तरी फ्राय. त्यांच्या बायकोला मात्र सगळं कळायचं. आखूड म्हटला तर पाणी, लांबवला तर संडास, आणि हळूच म्हटला की तिनं नुसतं जवळ बसायचं. "अहो वहिनी, हे भांडतातसुद्धा माझ्याशी," ती मला कौतुकानं सांगायची.

मुलाला ती फुकटची करमणूक झाली. पाहुणे आले की विचारायचा, "बाबा, पाहुणे कसे वाटले?" "फ्राय." पाहुणे पोट धरून हसत आणि सून मोबाइलवर शूटिंग करी. भाऊजीही हसू बघत, पण अर्धंच तोंड हले. त्या पोराच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं मला दर वेळी वाटे.

मग बायकोच आजारी पडली. तिला दवाखान्यात नेलं, तसे भाऊजी भिंत धरत धरत दाराशी आले. "फ्राय."

"भूक लागली वाटतं," म्हणत सुनेनं ताट वाढलं. त्यांनी ते ढकललं. तिनं भाजी गरम करून पुन्हा आणलं.

"अरे, त्यांना तुझ्या आईकडे जायचंय," मी मुलाला म्हटलं.

"काकू, तुम्ही कधी शिकलात ही भाषा?" तो हसला. रोज हेच चाललं. ते दाराशी यायचे, ताट पुढे यायचं.

तिकडे दवाखान्यात ती रोज विचारायची, "हे का नाही आले?" मुलगा म्हणाला, "अगं, त्यांना खाण्यापुढे दुसरं काही सुचतंय का?" सुनेनंच मला हे हसत हसत सांगितलं. ऐकून म्हणे सासूनं भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा विचारलं नाही.

चार दिवसांत ती गेली. गाडी खाली लागली, मुलगा वर आला. "बाबा, आई गेली."

भाऊजींनी त्याची बाही धरली. मग म्हणाले. शब्द तोच, पण तसा मी कधी ऐकला नव्हता. त्याचा अर्थ सांगू शकणारी एकटी बाई खाली गाडीत होती.

मुलानं डोळे पुसले. "काकू," तो म्हणाला, "यांना तेवढं काहीतरी खायला द्या."